आधी रस्ता, मग प्लॉट : वडिलोपार्जित शेताचे रेखांकन मंजूर करून घेताना

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका मोठ्या बाजारपेठेच्या गावाला लागून आमचे ८२ आर क्षेत्राचे शेत होते. मार्च २०२२ मध्ये आम्ही तिघा भावंडांनी त्याचे रीतसर रेखांकन, म्हणजे रस्ता, खुली जागा आणि प्लॉट यांची मंजूर आखणी, करायचे ठरवले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातील बावीस प्लॉटांचे स्वतंत्र सातबारे हाती आले. गावाकडे या कामाला सगळे जण लेआउटच म्हणतात. या काळात नियमावली वाचायला मिळाली, शुल्काचे दरही कळले. परंतु प्रत्यक्ष शेताचा बांध, उतार आणि शेजार समोर ठेवून ते नियम कसे लागू होतात, हे सामान्य खातेदाराला समजेल अशा मराठीत सांगणारे काही मला सापडले नाही. ज्यांच्यापुढे हे काम उभे आहे, त्यांच्यासाठी आमचा अनुभव घडला त्या क्रमाने लिहीत आहे. महसुली तरतुदी अलीकडे वारंवार बदलत आहेत, त्यामुळे शुल्क आणि कार्यपद्धतीचा तपशील आमच्या काळातला आहे हे वाचताना लक्षात ठेवावे.

वडील २०१९ मध्ये गेले. वारसनोंद वेळेवर झाली होती आणि सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावे होती, ही पुढच्या साऱ्या कामाची मोठी सोय ठरली. आमच्या जमिनीचा गट पुणे प्रादेशिक योजनेत (मंजुरी १९९७) रहिवास विभागात होता आणि नगरपालिका किंवा पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत नव्हता. सुरुवातीला एका मध्यस्थाने गुंठ्याप्रमाणे विक्री करण्याचा सल्ला दिला. नोंदणी विभागाचे १२ जुलै २०२१ चे परिपत्रक निघाल्यापासून मंजूर रेखांकनाशिवाय एक-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदवणे बंद झाले होते. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले आणि आता सगळे मोकळे झाले, अशी चर्चा गावात सुरू झाली. आमच्या वकिलांनी शांतपणे समजावले की परिपत्रक रद्द झाले तरी १९४७ चा तुकडेबंदी कायदा जागेवरच आहे, आणि दस्त नोंदवला गेला म्हणून त्या तुकड्यावर बांधकाम परवानगी किंवा बँकेचे कर्ज मिळतेच असे नाही. आयुष्यभराची पुंजी घालून जागा घेणाऱ्या माणसाला आम्ही असा तुकडा देणार नाही, यावर आम्हा तिघांचे एकमत झाले.

एप्रिलमध्ये कागदपत्रे जमवली : चालू सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, गटाचा नकाशा आणि नगर रचना कार्यालयाचा झोन दाखला, म्हणजे जमीन योजनेत कोणत्या विभागात येते त्याचा दाखला. झोन दाखला सर्वांत आधी मागवावा, कारण गटाचा काही भाग शेती विभागात निघाला तर पुढचा संपूर्ण हिशेब बदलतो. त्यासोबतच हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. त्या वेळी साध्या मोजणीपासून अति-अतितातडीच्या मोजणीपर्यंत वेगवेगळे दर होते. आम्ही अतितातडीचे ३,००० रुपये भरले. मोजणी पावसाच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. भूकरमापक रोव्हर (उपग्रहाच्या साहाय्याने मोजणी करणारे यंत्र) घेऊन आले होते. लगतच्या चारही खातेदारांना नोटिसा गेल्या होत्या, तरी दादाने आदल्या संध्याकाळी प्रत्येकाच्या घरी जाऊन निरोप दिला, आणि त्यामुळे मोजणीच्या वेळी बांधावर वाद न होता सह्या झाल्या.

मोजणी नकाशाची ‘क’ प्रत, म्हणजे खातेदाराला मिळणारी अधिकृत प्रत, हाती आल्यावर एक गोष्ट लगेच तपासावी. सातबाऱ्यावरील क्षेत्र, मोजणीतील क्षेत्र आणि प्रत्यक्ष जागेवरील क्षेत्र या तिन्हींपैकी जे सर्वांत कमी भरते, तेच रेखांकनाच्या हिशेबात धरले जाते. आमची तिन्ही क्षेत्रे जुळली : ८,२०० चौरस मीटर. शेताचा आकार सरळ पट्टीसारखा होता. समोरचा डांबरी रस्ता ५० मीटर लांबीने शेताला लागून होता आणि तेथून मागच्या बांधापर्यंतचे अंतर १६४ मीटर होते. ही लांबी आमच्या कामाचा कणा ठरणार होती, पण तेव्हा तिचे महत्त्व आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते.

सप्टेंबर २०२२ मध्ये आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका वास्तुविशारद बाईंकडे काम सोपवले. रेखांकन, तात्पुरती व अंतिम अशा दोन्ही टप्प्यांतील मंजुरी आणि कार्यालयीन पाठपुरावा मिळून त्यांचे शुल्क दीड लाख रुपये ठरले. पहिल्याच भेटीत त्यांनी आम्हाला नियमावलीची ओळख करून दिली, आणि ती भेट मला आजही मोलाची वाटते. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. बृहन्मुंबई महानगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे असे काही अपवाद सोडले, तर जवळजवळ साऱ्या राज्याला ती एकच नियमावली लागते. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात परवानगी जिल्हाधिकारी देतात आणि तांत्रिक छाननी नगर रचना विभागाचे शाखा कार्यालय करते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम १८ नुसार अशा क्षेत्रात शेतीखेरीज अन्य वापर किंवा विकास करण्यापूर्वी ही परवानगी घ्यावीच लागते.

दादाने घरून वहीच्या पानावर एक आराखडा करून आणला होता. त्यात मधोमध रस्ता, दोन्ही बाजूंना प्लॉट आणि अगदी मागे, आडव्या पट्टीत, खुली जागा होती. बाईंनी तो आदराने पाहिला आणि त्यावरच नियम समजावले. जमीन ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर एकूण क्षेत्राच्या १० टक्के खुली जागा सोडावी लागते. आमच्यासाठी ती ८२० चौरस मीटर होती. मात्र क्षेत्र पुरेसे असले तरी आकार कसाही चालत नाही. खुल्या जागेची कोणतीही बाजू १० मीटरपेक्षा कमी नसावी, आणि सरासरी रुंदी २० मीटरपेक्षा कमी असेल तर लांबी रुंदीच्या अडीच पटीपेक्षा जास्त नसावी. दादाची पट्टी ५० मीटर लांब आणि १६.४ मीटर रुंद होती. अडीच पटीने ४१ मीटरच बसत होते, म्हणजे क्षेत्र बरोबर असूनही ती जागा नियमात बसत नव्हती. हा नियम मला मनापासून पटला. चिंचोळी, कोपऱ्यात ढकललेली जागा कागदावर मोकळी राहते, पण तेथे मुले खेळत नाहीत आणि पुढे तिचा उकिरडा होतो.

रस्त्याचे माप त्याच्या लांबीवर ठरते. रहिवासी रेखांकनात अंतर्गत रस्ता १५० मीटरपर्यंत लांब असेल तर तो ९ मीटर रुंद असावा लागतो, आणि १५० ते ३०० मीटरपर्यंत १२ मीटर. लांबी सार्वजनिक रस्त्यापासून सर्वांत दूरच्या प्लॉटपर्यंत मोजतात. सुविधा क्षेत्राचा (शाळा, दवाखाना अशा सोयींसाठी राखायच्या जागेचा) वेगळा भाग दोन हेक्टरपासून पुढे सुरू होत असल्याने तो आम्हाला लागू नव्हता. समोरचा गावरस्ता ९ मीटरचा असून त्याचे रुंदीकरण १२ मीटरपर्यंत धरायचे होते, म्हणून मध्यरेषेपासून ६ मीटर येण्यासाठी आमच्या बाजूची दीड मीटरची पट्टी, म्हणजे ७५ चौरस मीटर, रस्त्याला जाणार होती. त्या रस्त्याकडेने ११ केव्हीची वीजवाहिनी होती. तिच्यापासून इमारतीचे आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे लागते आणि ते समोरच्या सामासिक अंतरात (इमारतीपुढे मोकळ्या सोडायच्या जागेत) सहज बसत होते.

बाईंनी केलेल्या पहिल्या नकाशात रस्ता ९ मीटर रुंद आणि १४८ मीटर लांब होता. तो मागच्या बांधाच्या अलीकडेच संपत होता. त्याच्या टोकाला गाडी वळवण्यासाठी जागा होती. अशी जागा किमान ८१ चौरस मीटर असावी लागते आणि तिचे कोणतेही माप ९ मीटरपेक्षा कमी चालत नाही. टोकाच्या पलीकडे दोन मोठे प्लॉट बसवले होते. खुली जागा रस्त्याच्या एका बाजूला, २०.५ मीटर रुंद आणि ४० मीटर लांब अशी घेतली होती. हिशेबाने आम्हाला ५,९७३ चौरस मीटर विक्रीयोग्य क्षेत्र मिळत होते. १:५०० या प्रमाणातला तो नकाशा पाहून आम्ही तिघेही खूश झालो आणि डिसेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन प्रणालीतून अर्ज दाखल झाला. अर्जाचा क्रमांक आणि प्रत्येक कागदाचा आवक क्रमांक एका वहीत तारखेसह लिहून ठेवण्याची सवय मी तेव्हापासून लावून घेतली, आणि पुढे प्रत्येक चौकशीच्या वेळी ती कामी आली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नगर रचना कार्यालयातील रचना सहायक स्थळपाहणीला आले. ते वयाने तरुण होते, फारसे बोलत नव्हते, पण त्यांनी शेतात घालवलेला वेळ मी विसरणार नाही. त्यांनी आधी समोरच्या रस्त्यावर फीत धरून रुंदी मोजली, मग नकाशा हातात घेऊन सरळ मागच्या बांधापर्यंत चालत गेले. तेथे उभे राहून त्यांनी दोन गोष्टी विचारल्या : पलीकडच्या शेताला वाट कुठून आहे, आणि पावसाचे पाणी कुठे जाते. पलीकडचे शेत एका वयस्कर शेतकऱ्यांचे आहे; आम्ही त्यांना लहानपणापासून आबा म्हणतो. आबांच्या शेताला सार्वजनिक रस्त्याची बाजू नाही. आमच्या आणि शेजारच्या गटांमधल्या बांधावरून त्यांची बैलगाडी पिढ्यान्‌पिढ्या जात आलेली आहे. त्यांचाही गट रहिवास विभागात येतो.

पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी देता येईना, म्हणून त्यांनी आमच्या सर्वेक्षकांना लेव्हल घ्यायला सांगितले. ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) तिकाटण्यावर बसवली गेली, माझा धाकटा भाऊ स्टाफ (उभी मापपट्टी) घेऊन आधी रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि मग नांगरटीतून चालत मागच्या बांधाशी गेला. दोन्ही वाचनांमध्ये सव्वा मीटरचा फरक निघाला : मागचे टोक खाली होते. आम्हाला ते शेत सपाट वाटत असे, कारण वडील पाटाचे पाणी समोरून सोडत आणि ते आपोआप शेवटच्या सरीपर्यंत पोहोचत असे. नियमावलीनुसार बंद टोकाचा रस्ता सरळ असावा लागतोच, शिवाय त्याचे टोक सुरुवातीच्या पातळीपेक्षा उंच असावे लागते, म्हणजे त्यावरचे पाणी मुख्य रस्त्याच्या गटाराकडे वाहून येते आणि टोकाच्या घरांमध्ये शिरत नाही. आमच्या नकाशात मागच्या बाजूला भराव टाकून पातळी वर आणण्याचा प्रस्ताव होता. रचना सहायकांनी बांधावरच्या चरीकडे बोट दाखवले. वरच्या दोन्ही गटांचे पाणी त्या चरीने आबांच्या शेतातून ओढ्याकडे जात होते. भराव टाकला असता तर ते पाणी वरच्यांच्या पिकात तुंबले असते.

मार्चअखेर त्रुटीपत्र आले. त्यातला मुख्य मुद्दा असा होता की लगतच्या जमिनींमधील रस्त्यांशी समन्वय राखणे आवश्यक असल्याने अंतर्गत रस्ता मागच्या हद्दीपर्यंत न्यावा, आणि त्याची लांबी १५० मीटरपेक्षा जास्त होत असल्याने रुंदी १२ मीटर दाखवावी. बाकीच्या त्रुटी किरकोळ होत्या : झाडांचा तपशील, एका फेरफाराची सुवाच्य प्रत, भूखंडांचे मापतक्ते.

त्या पत्रानंतरचे काही आठवडे घरात जड गेले. सुधारित हिशेबात रस्त्याखाली १,९५० चौरस मीटर जात होते आणि विक्रीयोग्य क्षेत्र ५,३५५ वर येत होते. पहिल्या नकाशाच्या तुलनेत ६१८ चौरस मीटर, म्हणजे सहा गुंठ्यांहून थोडे अधिक कमी होत होते. गावातल्या चालू भावाने ही रक्कम आमच्यापैकी कोणालाही लहान नव्हती. धाकट्या भावाचे म्हणणे होते की आपल्या जमिनीतून दुसऱ्याच्या शेताला रस्ता का द्यायचा. त्याच्या मुलीचे शिक्षण तोंडावर होते आणि त्याचा प्रश्न मला गैर वाटला नाही. अपील करण्याचा किंवा मागची बारा-चौदा मीटर जमीन रेखांकनातून वगळण्याचा विचारही झाला. परंतु वगळलेली पट्टी पुढे कोणालाही न पोहोचणारा तुकडा होऊन बसली असती.

माझे मत हळूहळू पण पक्के झाले, आणि ते मी येथे स्पष्टपणे मांडते. रेखांकनात आपण प्लॉट मोजतो, कारण प्लॉट विकले जातात. पण पन्नास वर्षांनी त्या वस्तीचे सुख-दुःख ठरणार असते ते रस्त्याच्या रुंदीवर आणि पाण्याच्या वाटेवर. आमच्याच गावात गुंठ्याने विकलेल्या एका वस्तीत रस्ता जेमतेम एका गाडीचा आहे, आणि गेल्या पावसाळ्यात तेथील एका आजींना रुग्णवाहिकेपर्यंत खुर्चीत बसवून उचलून न्यावे लागले. त्या वस्तीच्या प्रत्येक मालकाने आपापला तुकडा आपल्या बांधाशी संपवला होता. बाईंनी आणखी एक व्यवहाराची बाजू दाखवली : प्लॉटवर मिळणारे वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाचे जास्तीचे क्षेत्र, नियमावलीत समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे, आणि १२ मीटर रस्त्यावरच्या प्लॉटला ९ मीटर रस्त्यावरच्या प्लॉटपेक्षा त्याची मर्यादा अधिक आहे. भाव त्यानुसार मिळतो. धाकट्या भावाला हे आकड्यांत मांडून दाखवल्यावर त्याचा विरोध मावळला.

मग दादा आणि मी आबांकडे गेलो. दादाने सरळ विचारले, “आबा, आमचा रस्ता तुमच्या बांधापर्यंत येतोय. पाण्याची चर मात्र तुमच्या रानातनं ओढ्याला नेऊ द्यावी लागंल.” आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चर तर आत्ताबी तिथनंच जाती. पण कागद करायचा तर पोराला बोलावून घे, त्याला वाचून दाखव.” त्यांच्या मुलाने दुसऱ्या दिवशी मसुदा वाचला, चरीची रुंदी आणि तिची देखभाल कोणी करायची हे दोन मुद्दे त्यात घालून घेतले, आणि संमतीपत्रावर सही झाली. असे संमतीपत्र नोटरी करून प्रस्तावासोबत जोडावे. पाणी कुठे जाणार या प्रश्नाला त्याहून चांगले उत्तर आम्हाला मिळाले नसते.

सुधारित नकाशा मे २०२३ मध्ये दाखल केला. आता रस्ता मधोमध सरळ मागच्या हद्दीपर्यंत गेला, दोन्ही बाजूंना १९ मीटर खोलीचे प्लॉट आले आणि खुली जागा १९ बाय ४३.२ मीटरची झाली. रुंदी २० पेक्षा कमी असल्याने अडीच पटीची अट पुन्हा तपासली, मर्यादा ४७.५ मीटरची होती. गावरस्त्याला जेथे आमचा रस्ता काटकोनात मिळतो, तेथे वळणासाठी गोलाई सोडावी लागते. तिचे माप रस्त्याच्या निम्म्या रुंदीवरून काढतात. त्यामुळे पहिल्या दोन प्लॉटांचे कोपरे कापले गेले. कोपऱ्याचा प्लॉट घेणाऱ्याने हे क्षेत्र मापतक्त्यात वजा केले आहे की नाही, ते आवर्जून पाहावे.

जुलैमध्ये शुल्काची मागणी आली. छाननी शुल्काखेरीज मोठी रक्कम विकास शुल्काची होती. रहिवासी वापराच्या जमिनीसाठी ते वार्षिक बाजारमूल्य दराच्या (रेडी रेकनरच्या) ०.५ टक्के असते. आमच्या गटाचा दर चौरस मीटरला १,२०० रुपये असल्याने ४९,२०० रुपये भरावे लागले. चलन भरल्यावर ऑगस्टमध्ये तात्पुरती मंजुरी मिळाली. ही मंजुरी जागेवर आखणी करण्यापुरती असते. तिच्या आधारावर प्लॉट विकता येत नाहीत, हे कितीही घाई असली तरी विसरू नये.

आखणीची मोजणी पुन्हा भूमी अभिलेख विभागाकडून करून घ्यावी लागते आणि तिचे शुल्क प्लॉटांच्या संख्येनुसार वाढते. पावसाळा, उभे पीक आणि कार्यालयातील कामाचा भार यांमुळे ही मोजणी डिसेंबर २०२३ मध्ये झाली. हा काळ अंगावर येतो. अर्ज ऑगस्टमध्ये केला असला तरी शेत मोकळे असेल अशाच तारखा मागाव्यात. सोयाबीन उभे असताना खुंट्या ठोकता येत नाहीत. मोजणीच्या दिवशी सकाळी चुन्याची फक्की ओढून रस्त्याच्या दोन्ही कडा आखल्या, तेव्हा १२ मीटर म्हणजे किती हे मला प्रथमच नीट दिसले. प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्यात खुंटी आणि हद्दीवर दगड बसवले गेले. त्याच संध्याकाळी आम्ही प्रत्येक खुंटीचे प्लॉट क्रमांकासह छायाचित्र काढून ठेवले, कारण नांगर, जनावरे आणि मुले यांच्यामुळे खुंट्या हलतात आणि नंतर एक-दोन फुटांवरून भांडणे होतात.

जानेवारी ते एप्रिल २०२४ या काळात रस्त्याचे काम केले. खडीकरण, दुतर्फा गटारे आणि गावरस्त्याच्या तोंडाशी एक मोरी यांना मिळून सुमारे १४ लाख रुपये लागले. विजेचे खांब आणि पाण्याची मुख्य वाहिनी यांचा खर्च वेगळा झाला. गटारांचा उतार मागच्या बाजूला ठेवला आणि बांधाशी त्यांना चरीत सोडले. खुल्या जागेच्या प्रत्येक १०० चौरस मीटरला पाच या प्रमाणात ४१ झाडे लावायची होती. आम्ही कडुनिंब, करंज आणि बहावा लावला. कंत्राटदाराला पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि प्रत्येक थराची जाडी फीत लावून मोजावी. मुरमाचा थर आणि खडीचा थर यांच्यामध्ये रोलर पुरेसा फिरला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात रस्ता दबतो.

अंतिम मंजुरी जून २०२४ मध्ये मिळाली. अकृषिक (शेतीखेरीज) वापराबाबत आमची समजूत अशी होती की जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ खाली वेगळा अर्ज करून दीर्घ प्रतीक्षा करावी लागेल. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत नंतर घातलेल्या ४२-ब, ४२-क आणि ४२-ड या कलमांमुळे योजनेतील वापराशी सुसंगत जमिनीला तशी स्वतंत्र परवानगी लागली नाही. रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरल्यावर तहसील कार्यालयातून सनद, म्हणजे अकृषिक वापराचा दाखला, मिळाली. त्यानंतर आम्हाला आठहून अधिक प्लॉट विकायचे असल्याने जाहिरातीपूर्वी महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) नोंदणी केली. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर आठपेक्षा अधिक प्लॉट असतील तर ही नोंदणी टाळता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते. जमीन आपल्या वडिलांची असली तरी प्लॉट विकणारा कायद्याच्या दृष्टीने प्रवर्तकच (प्रमोटरच) असतो.

शेवटचा टप्पा कमी-जास्त पत्रकाचा, म्हणजे क्षेत्रातले बदल दाखवणाऱ्या तक्त्याचा. आखणीच्या मोजणीवरून भूमी अभिलेख कार्यालय कमी-जास्त पत्रक तयार करते, त्यावरून फेरफार होतो आणि मूळ सातबारा बंद होऊन प्रत्येक प्लॉटचा नवा सातबारा उघडतो. रस्ता आणि खुली जागा यांचेही स्वतंत्र सातबारे निघतात. नोव्हेंबरमध्ये ते मिळाल्यावर मी आणि दादा एक संपूर्ण दुपार मंजूर नकाशाचा मापतक्ता समोर ठेवून प्रत्येक सातबारा वाचत बसलो. एका प्लॉटच्या क्षेत्रात दोन अंकांची अदलाबदल झाली होती. लेखनप्रमादाची अशी दुरुस्ती संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून होते, आणि ती विक्रीपूर्वी करून घेणेच श्रेयस्कर आहे. एकदा खरेदीदाराच्या दस्तात चुकीचे क्षेत्र गेले की दुरुस्ती दस्तापासून सगळे पुन्हा करावे लागते. आमची दुरुस्ती जानेवारी २०२५ मध्ये झाली आणि त्यानंतरच भावंडांमधले वाटणीपत्र नोंदवले.

आबांच्या मुलाने आता त्यांच्या गटाच्या मोजणीचा अर्ज केला आहे. त्यांच्या वास्तुविशारदांनी आमच्या अंतिम मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत आणि रस्त्याच्या टोकाची पातळी मागितली, तेव्हा आम्ही सर्वेक्षकांच्या लेव्हलच्या नोंदीही सोबत दिल्या, कारण त्यांच्या रस्त्याची मध्यरेषा आणि गटाराचा उतार तेथूनच पुढे न्यावा लागणार आहे.